राणीची सही



राणीछाप रुपया आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलेला असेल. कुणाच्या आजीच्या माळेत ओवलेला, कुणाच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवलेला. मुंबईतल्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला आपण अजूनही 'राणीची बाग'च म्हणतो. ही राणी म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया. तिचं नाव घेतलं की काळ्या कपड्यातली, जाड, गंभीर चेहऱ्याची म्हातारी डोळ्यांपुढे येते. पण १८४० सालच्या रुपयावर नीट पाहिलं तर डोक्यावर मुकुट नसलेली, केस मागे बांधलेली तरुण मुलगी दिसते. आज आम्ही त्या मुलीविषयी बोलणार आहोत, आणि तिच्यावर निघालेल्या एका टीव्ही मालिकेविषयी.

मालिकेचं नाव 'व्हिक्टोरिया'. इंग्लंडच्या आयटीव्ही वाहिनीवर ऑगस्ट २०१६ मध्ये ती सुरू झाली आणि २०१९ पर्यंत तिची तीन पर्वं झाली. लेखिका डेझी गुडविन. राणीचं काम जेना कोलमन हिने केलं आहे. पहिल्या पर्वात आठ भाग आहेत आणि त्यांची गोष्ट फक्त १८३७ ते १८४० या काळाची आहे. म्हणजे अठराव्या वर्षी गादीवर बसण्यापासून पहिलं बाळंतपण होईपर्यंत.

मालिका इंग्रजी, माणसं परकी, राजवाड्यातली. मग बचत गटाच्या समन्वयकांनी तुम्हाला तिची गोष्ट का सांगावी? कारण या मालिकेचा खरा विषय दागिने आणि झगे नाहीत. एखाद्या बाईच्या हाती अधिकार आला की पुढे काय होतं, हा तिचा विषय आहे. कागद कोण पुढे करतं, शेजारी कोण बसतं, पैसा कोण सांभाळतं, आणि त्या अधिकाराने ती बाई दुसऱ्या बाईशी कशी वागते? हे प्रश्न आम्हाला रोजचे आहेत. मालिकेत यातलं किती खरं आहे, किती रचलेलं आहे, तेही सांगत जाऊ.

हात धरल्याशिवाय जिना उतरायचा नाही

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ चा, लंडनमधल्या केन्सिंग्टन राजवाड्यातला. तिच्या जन्मामागेही एका बाळंतिणीचा मृत्यू आहे. राजाची नात शार्लट गादीची वारस होती. १८१७ साली ती बाळंतपणात गेली, मूलही मेलेलं जन्मलं. पुढचा वारस कोण असा प्रश्न पडल्यावर राजाच्या वय झालेल्या मुलांनी घाईने लग्नं केली. त्यांतल्या एकाची, केंटच्या ड्यूकची, ही मुलगी. ती आठ महिन्यांची असताना वडील वारले. मागे उरली जर्मन आई, वडिलांचं कर्ज आणि घराचा कारभारी सर जॉन कॉनरॉय.

या कारभाऱ्याचा हिशेब सोपा होता. राजा मरेपर्यंत मुलगी अठरा वर्षांची झाली नाही, तर आई तिच्या वतीने राज्य करील, आणि आईच्या वतीने आपण. म्हणून मुलीला त्यांनी असं वाढवलं, की तिला एकटीने काहीच करता येऊ नये. ती आईच्याच खोलीत झोपे. कुणी हात धरल्याशिवाय जिना उतरायची तिला मनाई होती. कुणाशी बोलायचं, काय वाचायचं, कुणाबरोबर खेळायचं, हे सगळं ठरलेलं. इतिहासात याला 'केन्सिंग्टन पद्धत' म्हणतात. जवळची म्हणावी अशी एकच बाई होती, तिला शिकवणारी लेहझेन. तीही जर्मन.

१८३५ साली, सोळाव्या वर्षी, रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी व्हिक्टोरिया तापाने अंथरुणाला खिळली होती. त्या अवस्थेत कॉनरॉयने तिच्यापुढे कागद धरला. राणी झाल्यावर मी तुला माझा खासगी सचिव नेमीन, असं लिहून दे, असा त्याचा आग्रह होता. आईही त्याच्याच बाजूने होती. मुलीने सही केली नाही.

आम्ही यावर थोडं थांबतो. ती राणी झाली १८३७ मध्ये. पण अंगात ताप असताना, घरातली मोठी माणसं डोक्याशी उभी असताना तिने सहीला नकार दिला, तो अधिकाराचा पहिला दिवस म्हणायला हवा. बँकेतली सही आणि कर्जाच्या कागदावरची सही यांचं मोल ज्या बायकांना कळतं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पहिल्या दिवशीचे हुकूम

२४ मे १८३७ रोजी तिला अठरा वर्षं पूर्ण झाली. २० जूनच्या पहाटे तिचा काका, राजा चौथा विल्यम, वारला. मध्ये चार आठवडेसुद्धा गेले नाहीत. कॉनरॉयचा डाव एवढ्याने हुकला.

सकाळी सहाला कँटरबरीचे मुख्य धर्मगुरू आणि लॉर्ड कॉनिंगहॅम बातमी घेऊन आले. तिने त्यांना एकटीने भेटून बातमी ऐकली, आणि त्या दिवशीच्या रोजनिशीत 'एकटी' हा शब्द पुन्हा पुन्हा लिहिला. त्याच दिवशी तिने आपला पलंग आईच्या खोलीतून हलवायला सांगितला. मालिकेचा पहिला भाग इथूनच सुरू होतो, आणि हा प्रसंग खरा आहे. नावाचीही गोष्ट खरी आहे. तिचं पाळण्यातलं नाव अलेक्झांड्रिना व्हिक्टोरिया, घरात तिला 'ड्रिना' म्हणत. पहिल्या सरकारी कागदांवर दोन्ही नावं होती. तिने सही केली फक्त 'व्हिक्टोरिया'. इंग्लंडच्या गादीवर या नावाचं आधी कुणी बसलं नव्हतं.

त्याच दिवसाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडचा राजा तोवर जर्मनीतल्या हॅनोव्हर राज्याचाही राजा असे. पण हॅनोव्हरच्या कायद्याप्रमाणे पुरुष वारस असेपर्यंत बाईला गादी नव्हती. म्हणून मुलगी असल्याच्या एकाच कारणाने ते राज्य तिच्या हातून गेलं, आणि तिचा काका कम्बरलँडचा ड्यूक तिथला राजा झाला. मालिकेत हा काका लंडनमध्येच घुटमळत राहतो आणि पुतणीला वेडी ठरवण्याची कारस्थानं करतो. हे रचलेलं आहे. खरा काका लगेच हॅनोव्हरला निघून गेला होता. पण 'एवढीशी पोर, हिला काय जमणार' ही जी कुजबुज मालिकेत दाखवली आहे, तिचा सूर खोटा नाही. राणी उंचीने जेमतेम पाच फूट होती आणि वयाने अठराची. दरबारातले पुरुष पन्नाशी-साठीचे.

पैशांचंही सांगायला हवं. पार्लमेंटने तिला वर्षाला ३,८५,००० पौंड मंजूर केले. हाती पैसा आल्यावर तिने जी कामं आधी हातात घेतली, त्यांत वडिलांचं जुनं कर्ज फेडणं होतं. अठराव्या वर्षी हाती खजिना आल्यावर देणेकऱ्यांची आठवण ठेवणारी मुलगी आम्हाला आवडली.

लॉर्ड मेलबर्न: गुरू की प्रियकर?

मालिकेतली सगळ्यांत गाजलेली जोडी म्हणजे राणी आणि पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न. रुफस स्युएल या नटाने मेलबर्न असा रंगवला आहे, की प्रेक्षकांना राणीने याच्याशीच लग्न करावं असं वाटू लागतं.

खरा मेलबर्न त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचा होता. बायको वारलेली, एकुलता मुलगाही गेलेला. वडिलांची माया न मिळालेली मुलगी आणि मूल गेलेला बाप, असं ते नातं इतिहासकार सांगतात. तो रोज तिच्याजवळ तासन् तास बसे, राज्यकारभार समजावी, लोकांचे स्वभाव सांगे. लोक तिला टोमण्याने 'मिसेस मेलबर्न' म्हणू लागले. बाई एखाद्या पुरुषाकडून काम शिकते, तेव्हा लोकांच्या तोंडी काय येतं, ते दोनशे वर्षांपूर्वीही ठरलेलंच होतं.

पण शिकवणारा चांगला असला तरी एक धोका असतोच. मेलबर्न हा व्हिग पक्षाचा. त्याच्या डोळ्यांनी जग पाहता पाहता राणी त्या पक्षाचीच होऊन बसली. मे १८३९ मध्ये मेलबर्नचं बहुमत पाच मतांवर आलं आणि त्याने राजीनामा दिला. आता टोरी पक्षाचा रॉबर्ट पील सरकार बनवणार होता. राणीच्या महालात ज्या मानकरी बायका होत्या त्या बहुतेक व्हिग पुढाऱ्यांच्या घरच्या. त्यांतल्या काही बदला, अशी पीलने विनंती केली. राणीने एकही बदलायला नकार दिला. पीलने सरकार बनवलं नाही, आणि मेलबर्न परत आला.

मालिकेत हा राणीचा विजय म्हणून येतो. तरुण मुलगी मोठ्या माणसांपुढे हटली नाही, हे पाहताना छान वाटतं. पण नीट विचार केला तर ही तिची चूक होती. राणी सर्व पक्षांची असायला हवी. तिने स्वतःच्या ओळखीच्या माणसांसाठी एक सरकार अडवलं. पुढे १८४१ मध्ये पील पंतप्रधान झालाच. तेव्हा तीन बायका शांतपणे बदलल्या आणि प्रश्न मिटला. 'नाही' म्हणता येणं ही ताकद आहे. मात्र कुठल्या गोष्टीला नाही म्हणायचं, हे रॅम्सगेटच्या मुलीला कळलं होतं आणि राजवाड्यातल्या राणीला त्या दिवशी कळलं नाही.

फ्लोरा नावाची बाई

आता जी गोष्ट सांगायची आहे ती ऐकायला जड आहे. पण या सबंध मालिकेतली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच.

राणीच्या आईच्या सेवेत लेडी फ्लोरा हेस्टिंग्ज नावाची बाई होती. बत्तीस-तेहतीस वर्षांची, अविवाहित, धार्मिक वृत्तीची. तिच्या वडिलांचं नाव आपल्या इतिहासात येतं. लॉर्ड हेस्टिंग्ज हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असतानाच १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्याची ही मुलगी.

१८३९ च्या सुरुवातीला फ्लोराचं पोट वाढलेलं दिसू लागलं. ती स्कॉटलंडहून परतताना कॉनरॉयबरोबर एकाच गाडीतून आली होती. राणीला कॉनरॉयचा मनापासून तिटकारा. झालं. राणी, लेहझेन आणि महालातल्या बायका यांच्यात कुजबुज सुरू झाली, की फ्लोराला दिवस गेले आहेत आणि ते कॉनरॉयचं आहे. राजवैद्य जेम्स क्लार्क यानेही नीट न तपासता तोच संशय धरला. शेवटी, निर्दोष आहेस हे सिद्ध कर नाहीतर दरबारात येऊ नकोस, अशा कोंडीत तिला धरण्यात आलं. फेब्रुवारीत दोन डॉक्टरांनी तिची शरीरतपासणी केली. ती कुमारिका होती. तसं त्यांनी लिहूनही दिलं.

पोट वाढलं होतं ते आजाराने. ५ जुलै १८३९ रोजी फ्लोरा वारली. मरणानंतरच्या तपासणीत तिचं यकृत खूप वाढलेलं आढळलं.

तिच्या घरच्यांनी सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रात छापला. लंडनच्या रस्त्यांवर लोकांनी राणीला पाहून निषेधाचे आवाज काढले. कालपर्यंत तिच्या नावाचा जयजयकार करणारेच हे लोक. मालिकेने काळाचा क्रम बदलून हे प्रकरण पहिल्याच भागात आणलं आहे. प्रत्यक्षात राज्याभिषेक जून १८३८ मध्ये झाला आणि फ्लोराचं प्रकरण पुढच्या वर्षीचं. पण लेखिकेने ते गाळलं नाही, लपवलं नाही, आणि राणीला त्यातून सहज सुटू दिलं नाही. त्याबद्दल तिचं कौतुक करायला हवं.

बघा, ज्या मुलीला आयुष्यभर दुसऱ्यांनी कोंडून ठेवलं, हात धरून चालवलं, तिच्याच हाती सत्ता आल्यावर तिने दुसऱ्या बाईच्या शरीराची चौकशी करू दिली. स्वतः सोसलं म्हणून माणूस आपोआप दयाळू होत नाही. आपल्या गटांमध्येही एखादीचा हप्ता थकतो, एखादी चार बैठकांना येत नाही, एखादी उशिरा घरी जाताना दिसते. मग आपण चौघी काय बोलतो? 'तिचं काहीतरी चाललंय.' आजारी आहेस का, हा प्रश्न कितीजणी विचारतात? फ्लोराला तो प्रश्न वेळेवर कुणी विचारला नाही.

मागणी राणीने घातली

ऑक्टोबर १८३९ मध्ये तिचा मामेभाऊ आल्बर्ट जर्मनीहून विंडसरला आला. पाचच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, तिने त्याला बोलावून लग्नाची मागणी घातली. राणीला मागणी घालण्याची हिंमत कुणी करायची नाही, असा रिवाज, म्हणून तिनेच विचारायचं. मालिकेत टॉम ह्यूज हा नट आल्बर्ट झाला आहे.

लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झालं. राणीने त्या दिवशी पांढरा झगा घातला आणि लेस वापरली ती आपल्याच देशातली, डेव्हन परगण्यातली होनिटन लेस. बीर नावाच्या गावी आणि आसपास दोनशेहून जास्त बायका ती लेस विणायला अनेक महिने बसल्या होत्या. यंत्राची स्वस्त लेस बाजारात आल्यापासून त्यांचा धंदा बसत चालला होता. राणीने हातची लेस घेतल्यावर तिला पुन्हा मागणी आली. मालिकेत झगा क्षणभर दिसतो, विणणाऱ्या दिसत नाहीत. आम्हाला मात्र त्या बायकांना पाहायला आवडलं असतं.

लग्नात नवऱ्याची आज्ञा पाळण्याची शपथ बायकोने घ्यायची असते. तुम्ही राणी आहात, ते शब्द गाळायचे का, असं धर्मगुरूंनी विचारलं. तिने ते ठेवायला सांगितले. पण काम सुरू झाल्यावर आल्बर्टच्या वाट्याला आलं ते राणीच्या ओल्या सहीवर टीपकागद दाबायचं काम. पार्लमेंटने त्याचा वार्षिक तनखाही पन्नास हजार पौंडांवरून तीस हजारांवर आणला. मी नवरा आहे, घरधनी नाही, अशी तक्रार त्याने एका मित्राला पत्रातून केली. मालिका त्याची ही घुसमट सहानुभूतीने दाखवते.

ती बघताना आम्हाला मात्र दुसऱ्या घरांची आठवण होत होती. आल्बर्टला जे राजवाड्यात सोसावं लागलं, ते त्या काळच्या इंग्लंडमधल्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईला कायद्यानेच सोसावं लागत होतं. लग्न झालं की बायकोची कमाई, तिची चीजवस्तू नवऱ्याची. मुलांवरही त्याचाच हक्क. कॅरोलाइन नॉर्टन नावाची लेखिका मेलबर्नची मैत्रीण होती. तिच्या नवऱ्याने १८३६ मध्ये मेलबर्नवर व्यभिचाराचा खटला भरला. तो खटला हरला, तरी तीन मुलं आईपासून तोडली, आणि तिच्या लेखनाच्या कमाईवरही कायद्याने हक्क त्याचाच राहिला. ती बाई लिहीत राहिली, भांडत राहिली. तिच्या प्रयत्नांमुळे १८३९ मध्ये कायदा झाला आणि सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागायला आईला कोर्टात जाता येऊ लागलं. बायकोची मालमत्ता बायकोची, हे कायद्याने पुरतं मान्य व्हायला १८८२ साल उजाडलं.

तेव्हाही गादीवर व्हिक्टोरियाच होती. पण बायकांच्या हक्कांच्या चळवळीला तिने साथ दिली नाही. उलट तिचा त्याला विरोधच होता. खुर्चीत बाई बसली म्हणजे बायकांचं काम झालं, असं समजून घरी जाऊ नये, हे यावरून कळतं.

बाळंतपण आणि राज्य

लग्नानंतर लगेच राणीला दिवस गेले. तिला ते नको होतं. थोडी वर्षं मोकळं राहावं असं वाटत होतं, आणि शार्लटचं मरण घरात सगळ्यांच्या डोक्यात होतं. जून १८४० मध्ये, पोटात चार महिन्यांचं मूल असताना, एडवर्ड ऑक्सफर्ड नावाच्या तरुणाने तिच्या उघड्या बग्गीवर दोन पिस्तुलं झाडली. ती आणि आल्बर्ट बचावले. त्यानंतरही ती उघड्या बग्गीतून फिरायला जात राहिली. मालिकेत हा प्रसंग आहे.

त्याच उन्हाळ्यात पार्लमेंटने कायदा केला, की राणी वारली तर मूल मोठं होईपर्यंत आल्बर्ट राज्य पाहील. स्वतःच्या मरणाची तजवीज करणारा कागद पोटुशीपणी पाहायला कसं वाटत असेल? २१ नोव्हेंबर १८४० रोजी मुलगी झाली. पहिलं पर्व इथे संपतं.

दुसऱ्या पर्वात बाळंतपणानंतरचं उदास मन दाखवलं आहे. राजवाड्यातलं बाळ, दाया, नोकर, सगळं काही आहे आणि आई मात्र खिडकीबाहेर बघत बसली आहे. राणीने पुढे आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रांत गरोदरपणाचा कंटाळा, चीड, थकवा अगदी उघडपणे लिहिला आहे. तिला नऊ मुलं झाली. आणि दर बाळंतपणागणिक कामाचे कागद तिच्या हातातून आल्बर्टच्या हातात थोडे थोडे गेले. टीपकागद धरणारा नवरा काही वर्षांत शेजारच्या मेजावर बसून तिच्या पत्रांचे मसुदे करू लागला. लेहझेनलाही १८४२ मध्ये पेन्शन देऊन जर्मनीला परत पाठवण्यात आलं.

आल्बर्टला वाईट ठरवायचं कारण नाही. तो हुशार होता, कष्टाळू होता. राजवाड्यातला सावळा गोंधळ त्यानेच निस्तरला. खिडक्यांच्या काचा आतून पुसणारं खातं वेगळं आणि बाहेरून पुसणारं वेगळं, चुलीत लाकडं रचणारा नोकर एका साहेबाचा आणि पेटवणारा दुसऱ्याचा, असा तो कारभार होता. पण अधिकार कुणी हिसकावला नाही, तरीही तो बाळंतपणं, आजारपणं आणि 'तू दमलीस, आण इकडे' यांतून हळूहळू सरकतो. सरपंचबाईच्या घरी गेल्यावर 'साहेब आत आहेत' असं ऐकलेल्या आपल्या मैत्रिणींना हे माहीत आहे.

मालिकेत न दिसलेलं

मालिकेतले राजवाडे खरे नाहीत. आतली दालनं इंग्लंडच्या यॉर्कशर भागात विमानांच्या जुन्या गुदामात उभारली होती. नोकरांची गोष्टही बरीचशी रचलेली. राणीची दासी स्केरेट आणि आचारी फ्रँकाटेली या दोघांचं प्रेम मालिकेत आहे. ही दोन्ही माणसं खरोखर होऊन गेली, प्रेम मात्र लेखिकेचं.

मग खरं कुठून कळलं? राणी तेराव्या वर्षापासून रोजनिशी लिहीत होती, ती मरेपर्यंत. तिच्या मागे धाकट्या मुलीने, बिअ‍ॅट्रिसने, आईच्या सांगण्यावरून ती छाटून पुन्हा उतरवली आणि मूळ वह्या जाळल्या. पण लॉर्ड एशर याने सुरुवातीच्या वह्यांची, लग्नापर्यंतची, टंकलिखित नक्कल आधीच करून ठेवली होती. म्हणून तरुण राणीचा शब्द न् शब्द आपल्यापर्यंत आला, आणि पुढच्या राणीचा आला तो मुलीने गाळून. आपलं इतिवृत्त कुणी लिहायचं, हा प्रश्न राणीलाही चुकला नाही.

आणि एक गोष्ट मालिकेत नाही, ती आपण सांगायची. सप्टेंबर १८३९ मध्ये, आल्बर्ट विंडसरला येण्याच्या महिनाभर आधी, ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. तेरा-चौदा वर्षं ते तिथे अर्ज करत राहिले, भाषणं करत राहिले, पुस्तिका छापत राहिले. पडद्यावर आपण ज्या लंडनमध्ये लग्नाची मिरवणूक बघतो, त्याच लंडनमध्ये हा मराठी माणूस दारं ठोठावत होता. दाद मिळाली नाही. १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. राणीने केवळ आपल्या मनाने हे थांबवलं असतं असं नाही. निर्णय कंपनीचा आणि सरकारचा. पण राज्य तिच्या नावाने चाललं होतं, आणि आपल्याकडच्या रुपयावर तिचा चेहरा होता.

तेव्हा ही मालिका जरूर बघा. मुलींना शेजारी घेऊन बघा, त्या इंग्रजी समजावून सांगतील. राणीच्या हिंमतीवर प्रेम करा आणि फ्लोराला विसरू नका. पुढच्या बैठकीत वसुली आणि वाचन झालं की दहा मिनिटं काढा आणि एकमेकींना तीन प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात मी सही केलेला कागद मी वाचला होता का? माझ्या नावाने होणारं कोणतं काम हल्ली दुसरंच कुणी करतं? आणि गटातल्या कोणत्या मैत्रिणीबद्दल मी काही ऐकलं, पण तिलाच विचारलं नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठ्याने द्यायची गरज नाही. बैठक संपल्यावर तिच्या घरी जाऊन आलं तरी पुरे.